दोनदा दिलेला चेंडू

नाणं गवतावर पडलं. पंचांनी वाकून पाहिलं आणि ओवेनच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही जिंकलात. बोल, काय हवं?”

थँक्सगिव्हिंगची सकाळ होती. टर्की ओव्हनमध्ये ढकलून अख्खं गाव मैदानावर लोटलं होतं, कारण डोंगरापलीकडच्या शाळेशी अमेरिकन फुटबॉलचा सामना वर्षातून एकदाच, याच सकाळी व्हायचा. बाकीचे सामने हरले तरी गाव विसरायचं, हा नाही. ओवेनचे वडील, कोच रे वोयचिक, हा सामना सलग तीन वर्षं हरले होते.

“आम्ही किक मारतो,” ओवेन म्हणाला.

पंचांनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हातारे हॅलोरन तीस वर्षं या मैदानावर शिट्टी फुंकत आले होते. “पोरा, किक म्हणालास तर तुमची निवड इथंच संपली. चेंडू आत्ता त्यांना, आणि दुसऱ्या हाफची निवडही त्यांचीच. निवड राखून ठेवतो म्हणालास तर दुसऱ्या हाफला चेंडू तुम्ही मागू शकता. नीट सांग.”

हे ओवेनला पाचवीपासून पाठ होतं. म्हणूनच बाहेर पडताना त्यानं वडिलांना विचारलं होतं, राखून ठेवतो असंच म्हणायचं ना? “कोच तू की मी?” वडील खेकसले होते. “सरळ किक म्हण. पहिल्याच धडकेत त्यांच्या हातून चेंडू सुटतो की नाही बघ.”

तरी त्यानं वळून मैदानाच्या कडेला पाहिलं. वडिलांनी हवेत पाय उडवून दाखवला आणि हात झटकला, आटप आता. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत असणार, ओवेननं मनाशी म्हटलं. त्यांच्या डोक्यात जे शिजेल ते त्यानं आजवर डोळे झाकून खाल्लं होतं.

“किक,” तो म्हणाला. समोरच्या कर्णधाराला हसू आवरेना.

मध्यंतराला ते सहा गुणांनी मागे होते. कपडे बदलायच्या खोलीत वडील फळ्यावर बाण काढत होते. दाराशी शाळा मंडळाचे मिस्टर केसलर कोटाच्या खिशात हात घालून उभे होते. कोचला ठेवायचं की काढायचं, हे मंडळ सोमवारी ठरवणार होतं.

“घाबरायचं काही कारण नाही,” वडील म्हणाले. “आता चेंडू आपला. पहिल्याच खेपेत सहाचे सहा वसूल करू.”

ओवेन तोंड उघडणार तोच हॅलोरन दारात आले.

“तीन मिनिटं, कोच. त्यांनी चेंडू मागितलाय. किक पुन्हा तुम्हीच मारायची.”

वडिलांचा हात फळ्यावरच थांबला. आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा उमगलं, ते त्यांच्या लाल कानांवरून ओवेनला दिसलं.

“म्हणजे दोन्ही वेळा चेंडू त्यांना?” केसलर म्हणाले. “तेही नाणेफेक जिंकून? कोच, ही अक्कल कुणाची?”

वडिलांनी ओवेनकडे पाहिलं. चूक केली की हात वर करायचा, हे ते संघाला रोज घसा फोडून सांगत. आता ते हात वर करतील, ओवेनला वाटलं.

“पोराचा गोंधळ झाला,” वडील म्हणाले. “मी राखून ठेव म्हणून सांगितलं होतं. सतरा वर्षांचं पोर आहे हो, दडपण येतं.” मग ते संघाकडे वळले. “त्याला कुणी एक शब्द बोलायचं नाही. मी माफ केलंय, तुम्हीही करा.”

तीस-चाळीस माना वळल्या. “वा रे कॅप्टन,” कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं. शेजारच्यानं मोठ्या मनानं ओवेनची पाठ थोपटली, आणि ते थोपटणंच त्याला सोसवेना. हरण्याचं दुःख त्याच्या ओळखीचं होतं. हे तसलं नव्हतं. बापानं भर खोलीत आपल्याला पुढे ढकललं, आणि वर माफही करून टाकलं.

हॅलोरन अजून गेले नव्हते. त्यांनी पांढरी टोपी काढून हातात धरली.

“मिस्टर केसलर, मी याला समजावून पुन्हा विचारलं होतं. यानं आधी कोचच्या बाजूला पाहिलं, मग उत्तर दिलं.” ते ओवेनपुढे येऊन उभे राहिले. “कुणाकडे बघत होतास रे? भिऊ नकोस, खरं ते सांग. किक म्हणायला तुला कुणी सांगितलं?”

एक वाक्य पुरलं असतं. ते इतकं ओठांवर आलं होतं, की ते अडवताना ओवेनचे दात दुखायला लागले.

त्यानं वडिलांकडे पाहिलं. ते फळ्यावरच्या पेनाचं टोपण काढत होते, लावत होते, काढत होते. त्यांच्या डोळ्यांत आता हुकूम नव्हता. ते भीक मागत होते, आणि मागतानाही त्यांची नजर पुन्हा पुन्हा केसलरकडे जात होती.

“आई आली का ते बघत होतो,” ओवेन म्हणाला. “कोचनी बरोबरच सांगितलं होतं. मी विसरलो.”

हॅलोरननी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, टोपी घातली आणि ते निघून गेले.

वडिलांनी मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग आला, पाठ ताठ झाली. दोन्ही हात पसरून ते केसलरकडे वळले.

“बघा,” ते म्हणाले, “मी म्हटलंच होतं ना?”