ज्याची चूक, त्याचं उसवण

अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला, तेव्हा टेलरमास्तरांनी मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. शेजारचा दुकानदार मशीन विकत मागायचा. मास्तरांची बायको त्याला दारातूनच पिटाळून लावायची. एका सकाळी मात्र मास्तरांनी स्वतःच चादर उचलली आणि डाव्या हाताशी झटापट करत महिन्याभरात पहिला शर्ट शिवून काढला. बायकोने तो उलगडून पाहिला. डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे! आता हे पुन्हा हातपाय गाळणार! "मी उसवते," ती घाईघाईने म्हणाली. मास्तरांचा आवाज अगदी पूर्वीसारखा चढला, "दुकानाचा नियम विसरलीस? ज्याची चूक, त्यानेच उसवायचं!" लुळा हात शर्टावर वजनासारखा ठेवून ते एकेक टाका तोडू लागले. तेवढ्यात दुकानदार डोकावला, "वहिनी, मशीनचं काय ठरलं?" ती ऐटीत म्हणाली, "हळू बोला, मास्तर कामात आहेत."