स्वतंत्र पुरावा

ऑनलाइन ज्ञानकोशात मी टोपणनावाने संपादन करते. आज चर्चेला आमच्या गावच्या मितेशने बनवलेल्या ॲपवरचा लेख होता: ठेवायचा की वगळायचा? ते म्हणे मच्छीमारांना बंदरावरचे भाव समुद्रातच कळवतं. स्वतंत्र पुरावा दिसेना, म्हणून मी ‘वगळा’ लिहिणार तेवढ्यात कुणीतरी पुराव्यादाखल एका वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं: ‘मालवणच्या ॲपने मच्छीमारांचं नशीब पालटलं.’ खाली बातमीदार म्हणून माझंच खरं नाव. तो मजकूर तेव्हा मितेशनेच लिहून आणला होता, सोबत कोकम आगळाची बाटली. मी ॲप उघडूनही पाहिलं नव्हतं. उठून बाहेर गेले. शेजारचे भाईकाका जाळं शिवत होते. त्यांना ॲपबद्दल विचारलं. “कसला ॲप गो? आमका कोणी इचारूक पण नाय.” परत येऊन लिहिलं, ‘बातमी विश्वासार्ह नाही. लेख वगळा.’ लगेच चर्चेतल्या पुण्याच्या एका संपादकाने विचारलं, ‘कशावरून? बातमीदाराला ओळखता का?’ ओट्यावरची बाटली अर्धी संपली होती. मी लिहिलं, ‘नाही.’