मुकी गोणी

टेम्पोचा हॉर्न दुसऱ्यांदा वाजला तशी रेश्मा लगबगीनं ओसरीवर आली. तिच्या नवऱ्यानं, अमृतनं, पहिली गोणी ओसरीवर ओढली होती. गोणीच्या आतल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ सोडून त्यानं ज्वारी घमेल्यात ओतली. ज्वारीआधी पीठच पडलं, आणि पिठातून काळे सोंडे भराभरा पळत सुटले.

"घ्या, ही हवाबंद पिशवी!" अमृत म्हणाला. "बचत गटात शिकून आली. म्हनं, वरीसभर किडा लागनार न्हाई. सूर्यभान, थांब रं, दुसरी बी देतो. येईल त्या भावात जाऊ दे."

टेम्पोतल्या सूर्यभानाला मिरजगावचा बाजार गाठायचा होता. त्यानं पुन्हा हॉर्न दाबला.

दरवर्षी हेच व्हायचं. किडेल या भीतीनं खळ्यावरची ज्वारी मातीमोल विकायची आणि दिवाळीनंतर तीच दुकानातून चढ्या भावानं आणायची. शेतकऱ्याच्या घरात दुकानाची भाकरी! रेश्माला त्याची मनापासून लाज वाटे. म्हणून यंदा भांडून तिनं दोन गोण्या राखल्या होत्या. एकीला जरी कीड लागली तरी दोन्ही विका, असं भांडणाच्या भरात तीच बोलून बसली होती.

तिनं रिकामी पिशवी उचलून उजेडात धरली. भिंतीकडच्या अंगाला भोकं होती. बारीक, सरळ ओळीत, बोटाबोटाच्या अंतरावर. उंदीर काही ओळ धरून कुरतडत नाही. हे गोणी शिवायच्या दाभणाचं काम होतं, आणि या घरात दाभण चालवणारं माणूस एकच. सासू, मनकर्णाबाई. त्या उंबऱ्यात बसून घमेल्याकडे बघत होत्या.

बोलावं तर परक्या माणसासमोर सासूची शोभा, गप्प बसावं तर घरची भाकरी टेम्पोत. इकडे आड, तिकडे विहीर. रेश्माला रागही आला आणि रडूही. तेवढ्यात अमृतनं दुसऱ्या गोणीला हात घातला.

"आत्या," ती एकदम सासूला म्हणाली, "तुमी आदी कान लावा हिला."

अमृत थांबला. मनकर्णाबाईंचा कान गावात नावाजलेला होता. कणगीला कान लावून आत सोंडे आहेत की नाहीत ते त्या सांगत, आणि बायका त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून उठल्या. टेम्पोचं इंजिन त्यांनी हाताच्या खुणेनंच बंद करायला लावलं आणि गोणीला कान लावला. बराच वेळ लावला. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला, डोळे भरून आले.

"काय झालं, आई?" अमृतनं विचारलं.

"काईच आवाज न्हाई रं." त्या गोणीवरून हात फिरवू लागल्या. "गुदमरून मेली बिचारी. दान्याला बी जीव असतोय. तिला टोचलं तवाच हिलाबी टोचायला पायजे हुतं. कंबर धरली, आन् हिला वारा द्यायचा ऱ्हाऊन गेला माज्याकडनं."

अमृत आईकडे बघतच राहिला. मग त्यानं घमेल्यातल्या किड्यांकडे पाहिलं.

रेश्मानं तोवर गाठ सोडली होती. तिनं ओंजळ भरून ज्वारी सासूपुढे धरली. टपोरी, कोरडी, मळणीच्या दिवशी होती तशी. एकही दाणा पोखरलेला नव्हता.

मनकर्णाबाईंनी एक दाणा दाढेखाली धरला. तो कट्‌दिशी फुटलेला सगळ्यांना ऐकू आला. त्या सावकाश चावत राहिल्या.

"सूर्यभाना, जा बाबा तू," त्या म्हणाल्या. मग सुनेच्या ओंजळीत बोटं घालून खालच्या आवाजात बोलल्या, "गाठ बांद बिगी बिगी. आन् माजं दाभन लपवून ठेव कुटंतरी."