बांधलेले आंबे

पेटीतले आंबे संपत आले, तरी योगिनी मॅडमना झाड रिकामंच वाटत होतं. बंगल्याच्या बागेची आखणी त्यांची.

"काका, स्विमिंग पुलाच्या बाजूला अजून चार बांधा. पाण्यात दिसले पाहिजेत."

शिडीवरच्या दादूने आणखी एक आंबा घेतला, देठाला हिरवा दोरा गुंडाळला आणि फांदीला गाठ मारली. आंबा कर्नाटकातला होता. रत्नागिरीत, भाट्याच्या कातळी सड्यावर, हापूसच्या झाडाला बाजारातले परके आंबे टांगायचे, आणि तेही त्याने!

"ह्यो आपला हापूस नाय, मॅडम."

"फोटोत वास येत नाही, काका."

पूल, लाकडी डेक, हिरवळ, वेताच्या खुर्च्या, सगळं मासिकात छापण्याजोगं झालं होतं. मधोमध दादूचं चाळीस वर्षांचं कलम. हायवेच्या रुंदीकरणात ते तुटणारच होतं. क्रेनने उचलून नेतो, जगवतो, असं मॅडम म्हणाल्या आणि दादूने आनंदाने होकार दिला. वर राखणीला स्वतःही आला. झाड आगीतून निघून फुफाट्यात पडलंय, हे त्याला पंधरा दिवसांनी कळलं. पानं करपू लागली होती. आज सकाळी त्यांच्यावर हिरवा रंग फवारून झाला होता.

"बाय," दादू शिडीवरूनच म्हणाला. मॅडम म्हणायचं त्याला भान राहिलं नाही. "मुळं तुटलीत त्याची. एवढा पाला पोसायचा कसा त्यानं? आज तरी फांद्या उतरवू दे. बोडका केला तर पावसात फुटंल. नायतर जायचा."

"सांगितलं ना, मासिकाचं शूटिंग झाल्यावर. बोडक्या झाडाचा फोटो कोण छापणार?"

आज-उद्या करत शूटिंगला महिना लागला होता. दादूने नखाने फांदीची साल खरवडली. खाली हिरवं असायला हवं होतं. तपकिरी निघालं. दुसरी फांदी खरवडली, तिसरी खरवडली. मग तो खाली उतरला आणि कोयत्याच्या टोकाने बुंध्याला बारीक खाच मारली. तिथेही तेच.

हे कलम त्याने लग्नाच्या वर्षी याच बोटांनी बांधलं होतं. रस्तेवाल्यांनी तोडलं असतं तर एका दुपारीत सुटलं असतं. आपण त्याला महिनाभर मरायला लावलं, या विचाराने त्याला स्वतःचीच घृणा आली.

"काय झालं, काका?"

"काय नाय. आता फांद्या कापायची घाई नाय, मॅडम."

"बघा! मी म्हणतच होते."

मुंबईहून आलेले मालक, स्वरूपशेठ, खुर्चीत येऊन बसले. कॅमेरावाल्याने दादूच्या हातात झेला दिला. "तुम्ही नेहमी काढता तसाच काढा, काका."

दादूने काठी वर नेली, एक आंबा जाळीत घेतला आणि झटका दिला. दोरा तुटला.

"आपल्या झाडाचा पहिला आंबा!" स्वरूपशेठनी टाळी वाजवली.

दादूने आंबा जाळीतून काढला आणि सवयीने देठ अंगापासून लांब धरला, चीक उडून कातडी भाजू नये म्हणून.

चीक आलाच नाही. कॅमेरा थांबेपर्यंत तो तसाच, हात लांब धरून उभा राहिला.