सगळीकडे बदला

काकांची लाल पेन्सिल एकशे बाराव्या पानावर थांबली आणि समोर बसलेली ठकी मान उंचावून बघू लागली.

सकाळपासून ती पेन्सिल कशी सरसर चालली होती. इथे वेलांटी, तिथे रफार. काकांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती. त्यांच्या नजरेतून साधा काना सुटायचा नाही. ठकीची आधीची चारही पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेलेली. पाचवं दाखवलं नसतं तर म्हातारा मनाला लावून घेऊन बसला असता. आणि दाखवलं तर काय होईल, या विचाराने तिला महिनाभर अन्न गोड लागत नव्हतं. पाच वाजता प्रकाशकाचा माणूस पानं न्यायला येणार होता.

धास्तीचं कारण असं, की ही कादंबरी काकांचीच गोष्ट होती. बाप गेलेल्या आणि आई घर सोडून गेलेल्या एका मुलीची, तिला वाढवणाऱ्या काकांची, आणि आईने दूरवरून पाठवलेल्या सात पत्रांची. पत्रं मुलीच्या हाती पडलीच नाहीत. काकांनी ती जाळली. हे काकूने मरताना ठकीच्या कानात सांगितलं. सांगून ती सुटली, ठकी अडकली. काकांना विचारायची तिची छाती होईना आणि लिहिल्याशिवाय राहवेना. ज्याने पाठकुळीला घेऊन शाळेत सोडलं, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, त्याच्या तोंडावर असलं काही कसं बोलायचं? आपलं म्हणावं असं तिला तेवढं एकच माणूस उरलं होतं. तेही तुटलं तर?

म्हणून तिने वाट काढली ती संगणकातून. लिहायची तीन सॉफ्टवेअर तिने बसवून पाहिली. एकात प्रकरणांच्या चिठ्ठ्या पडद्यावर टाचता यायच्या. दुसरं कोरं पान दाखवायचं आणि टाइपरायटरसारखं टकटक वाजायचं. त्याने तिचं डोकं उठलं. तिसरं दिसायला अगदीच गबाळं. पण पहिल्या दोन्हीत एखादा शब्द बदलायचा तर प्रकरणागणिक बदलावा लागे, आणि या गबाळ्यात एकच बटण होतं : 'सगळीकडे बदला'. तिने तेच निवडलं. त्याला मराठी शुद्धलेखन कळत नव्हतं, पानभर लाल रेघोट्या ओढायचं. ते काम तिने बंदच करून टाकलं. शुद्धलेखनाला काका आहेतच की!

मग तिने बटण दाबलं. 'काका' जिथे जिथे होते तिथे तिथे 'मामा' झाले, चारशे सहा ठिकाणी. काकूची मामी झाली. एका बटणात तिने काकांना मामा बनवलं. आज पत्रांचं पान आलं तेव्हा तिची नजर पेन्सिलीच्या टोकावरून हलली नव्हती. काकांनी एक अनुस्वार दिला, घोटभर पाणी घेतलं आणि पान उलटलं. सुटले बाई, असं तिला वाटलं. पण नाव ठकी असलं म्हणून ठकवणं साधतंच असं नाही.

"ठके, हा शब्द कुठला गं?" काकांनी एकशे बारावं पान तिच्याकडे फिरवलं.

तिने वाचलं. 'पुस्तक आलं आणि टीमामारांनी तिला डोक्यावर घेतलं.'

टीमामार? तिला क्षणभर काही उमजेना. मग उमजलं. शब्द होता टीकाकार. त्या मेल्या सॉफ्टवेअरने टीकाकाराच्या पोटातल्या काकांनासुद्धा सोडलं नव्हतं.

"बोट घसरलं असेल," ती कशीबशी म्हणाली.

"बोट घसरून एखादं अक्षर चुकतं, ठके. बोट घसरून मामा होत नाही."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. 'टीमामार' खोडून वर 'टीकाकार' लिहिलं. मग त्या शब्दातल्या मधल्या दोन अक्षरांकडे बघत बसले.

"काका, मी..."

"तपासताना बोलू नये." त्यांचा आवाज चढला नाही. "एक चूक सापडली की मागचं सगळं पुन्हा बघावं लागतं."

त्यांनी गठ्ठा उलटा केला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिला मामा सापडला. तो खोडला, वर लिहिलं, 'काका'. मग दुसरा. मग तिसरा. ठकी समोर बसून नुसती बघत राहिली. उठावं, पानं हिसकावून घ्यावीत, पाय धरावेत, काय करावं तिला सुचेना. पेन्सिलीचं टोक मोडलं. काकांनी शांतपणे टोक काढलं, कचरा तळहातावर गोळा करून बाजूला ठेवला आणि पुढे चालू केलं. पानामागून पान लाल होत गेलं. प्रत्येक खाडाखोडीबरोबर ठकीच्या डोळ्यांतलं पाणी गालावर येत होतं. काकांनी एकदाही वर पाहिलं नाही.

अठ्ठावन्नावं पान आलं. पत्रांचं. त्यांनी मामा खोडून काका केले. मग त्याच ओळीत आणखी एक शब्द खोडला.

जाळली हेच खोडलं असणार, ठकीला वाटलं. आता म्हणतील, असं काही झालंच नाही. आणि आपण मान्य करू, त्यांच्यासाठी तेही करू.

काकांनी पान तिच्यापुढे सरकवलं. 'जाळली' तसंच होतं. खोडलेला शब्द होता 'सात'. त्याच्या डोक्यावर, छापखान्यातल्या त्या जुन्या टपोऱ्या अक्षरात, लिहिलं होतं 'अकरा'.

"तुझ्या काकूला सातच ठाऊक होती," काका म्हणाले.