पाणघोड्याची खोली

कोपरा कुठे गेला, तेच आईला कळेना. ती शिलाईकाम करणारी बाई. कुठेही गेली तरी तिची नजर आधी शिवणीवर जायची. पण या खोलीत एका भिंतीवरचं तळं दुसऱ्या भिंतीवर असं वळलं होतं, की जोड शोधून सापडत नव्हता. उंच गवत, गवतात लपलेले बगळे, चिखलात लोळणारी रानडुकराची पिल्लं, आणि छतावर पानांतून झिरपणारं ऊन. ही मुलांच्या हॉस्पिटलातली स्कॅनची खोली आहे, हे सांगूनही कोणाला पटलं नसतं.

"हात आहे की जादू आहे तुमचा," आई म्हणाली.

चित्रकारबाई शिडीवरून हसल्या. त्यांच्या सदऱ्याचा मूळ रंग कोणता, हे त्यांनाही आठवत नसावं. गवतावर उडणारा शेवटचा चतुर रंगवायचा राहिला होता, आणि उद्या याच खोलीत रंगकामानंतरची पहिली पेशंट येणार होती. ती पेशंट आत्ता आईचं बोट धरून उभी होती.

तिला भिंगरी हे नाव आजीनं ठेवलं होतं आणि पोरीनं ते सार्थ केलं होतं. जेवताना, झोपताना, वेणी घालताना, एका जागी टिकेल तर शपथ. एरवी घरात याचं कौतुकच असायचं. पण आता तिच्या पाठीच्या कण्याशी एक गाठ निघाली होती, आणि ती कुठवर पसरली आहे हे नीट दिसल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते. नीट दिसायचं तर मशीनच्या बोगद्यात बराच वेळ निपचित पडायला हवं. पोरीची छाती नाजूक, त्यामुळे भूल द्यायची सोय नाही. आधीचे दोन्ही प्रयत्न रडण्यात आणि हातपाय झाडण्यात वाया गेले होते. आणखी उशीर झाला तर पायांतली ताकद जाऊ शकते, असं डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पोरीला तिनं बाहुलीचं आमिष दाखवून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी हातही जोडले होते.

मशीनवर मात्र चित्रकारबाईंनी कमाल केली होती. अख्ख्या मशीनचा त्यांनी एक गुबगुबीत जांभळा पाणघोडा केला होता. बोगद्याचं तोंड म्हणजे त्याचा वासलेला आ. पुढच्या दोन दातांमध्ये एक पिवळं फूल अडकलेलं. पेशंटला आत नेणारा सरकता पलंग म्हणजे त्याची लांब गुलाबी जीभ. बघताक्षणी आईला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी फुटलं.

"मुलं त्या भोकालाच घाबरतात," चित्रकारबाई शिडीवरून उतरत म्हणाल्या. "भोकाला तोंड दिलं, की ते ओळखीचं होतं."

भिंगरी टक लावून बघत राहिली. मग तिनं विचारलं, "हा काय खातो?"

"गवत. हिरवंगार, पोटभर."

"तो जागा आहे?"

"अर्धवट झोपेत आहे. तू हलली नाहीस, तर तोही मजेत झोपून राहील."

भिंगरीनं समजूतदारपणे मान डोलावली. आई चाटच पडली. जे आपल्याला इतक्या विनवण्या करून जमलं नाही, ते या बाईंना दोन वाक्यांत जमलं. मुलांशी मुलांच्या भाषेत बोलणं म्हणतात ते हे, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची थोडी लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक छोटंसं नाटक झालंच. सिस्टरनं हॉस्पिटलचा हिरवा झगा पुढे केला आणि भिंगरी अडून बसली. "हिरवा नको." आईनं डोळे वटारले, सिस्टरनं गोडीगुलाबीनं सांगितलं, पण पोरगी हटेना. शेवटी कपाटातून एक धुवट पांढरा झगा शोधून आणावा लागला. एरवी ही अशी नखरेल नाही हो, म्हणत आईनं सिस्टरची माफी मागितली.

पलंग आत सरकला. आई काचेपलीकडे मशीन चालवणाऱ्या दादांच्या मागे उभी राहिली. चित्रकारबाईही कानावर ब्रश खोचून येऊन थांबल्या. मशीन धडाधडा वाजायला लागलं आणि आईनं डोळे गच्च मिटून घेतले. आता रडेल, आता पाय झाडेल.

काहीच झालं नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा गुलाबी जिभेवर दोन इवलीशी पावलं दिसत होती. त्यांचं एक बोटसुद्धा हलत नव्हतं.

"मोठी माणसंही इतकी स्थिर राहत नाहीत," दादा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

स्कॅनची चित्रं स्वच्छ आली. डॉक्टरांनी ती उभ्याउभ्याच पाहिली आणि गाठ वरवरच आहे, सहज काढता येईल, असं सांगितलं. आईचा जीव भांड्यात पडला. तिनं चित्रकारबाईंचे रंगानं खरखरीत झालेले हात हातात घेतले. चित्रकारबाईंचे डोळे भरून आले. नुसत्या रंगरंगोटीनं काय होणार, असं म्हणणारे हॉस्पिटलात काही कमी नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, की शेजारच्या खोलीत आता देवमासा काढायचा, याहून मोठं तोंड असलेला.

भिंगरी बाहेर आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी तिला शाबासकी दिली, सिस्टरनं गालगुच्चा घेतला. चित्रकारबाईंनी वाकून विचारलं, आवडला का आमचा पाणघोडा? भिंगरीनं मोठ्यांदा 'हो' म्हटलं.

आईनं तिला कडेवर घेतलं. पोरगी घामानं चिंब झाली होती; आत उकडलं असेल, असं आईला वाटलं. बाहेर येऊन खोलीचं दार पुरतं बंद होईपर्यंत भिंगरी काहीच बोलली नाही. मग आईच्या कानाला तोंड लावून तिनं अगदी हळू विचारलं, "आई, मी अजिबात हलले नाही, म्हणून त्याला कळलंच नाही ना, तोंडात कोणी आहे ते?"