ताठ पाठीचा नमस्कार

डेअरी, म्हणजे कोपऱ्यावरचं आपलं किराणा दुकान, उघडायच्या आधी धैर्यशील वाढदिवसाचा नमस्कार करायला आईपुढे आला, तो कमरेत न वाकता ताठ पाठीनंच गुडघ्यांवर बसला.

"चाळिशीतच कंबर गेली का रे, घोड्या?" म्हणत शकुबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. शर्टाखाली हाताला पिस्तूल लागलं.

"अरे मेल्या, पोलिसांनी पाहिलं तर थेट तुरुंगात जाशील!"

"आणि चौथ्यांदा कुणी दुकानात चाकू घेऊन घुसला, तर कुठे जाईन, आई?"

अख्ख्या फ्लॅट बुश उपनगरात भल्याभल्यांची तोंडं बंद करणाऱ्या शकुबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण दरवर्षीच्या 'औक्षवंत हो'ऐवजी त्या म्हणाल्या, "दाराकडे पाठ करून उभा राहू नकोस."